खान्देशची गदा : विजय चौधरी

कुस्ती म्हटली की कोल्हापूर, सांगली आणि पुण्याच्या तालमी आठवतात. केळी आणि कापसासाठी ओळखल्या जाणाऱ्या जळगाव जिल्ह्याचे नाव या पंक्तीत आणले ते चाळीसगाव तालुक्यातील सायगाव बगळीच्या विजय चौधरी यांनी.

महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून भरते. गादी आणि माती या दोन विभागांतील विजेते किताबासाठी एकमेकांशी लढतात आणि जिंकणाऱ्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते. चौधरी यांनी ती २०१४ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे पटकावली, २०१५ च्या नागपूरच्या स्पर्धेत राखली आणि डिसेंबर २०१६ मध्ये पुण्यातील वारजे येथे अभिजित कटके यांना गुणांवर नमवून तिसऱ्यांदा मिळवली. सलग तीन किताबांचा मान त्यापूर्वी केवळ नरसिंग यादव यांना (२०११ ते २०१३) लाभला होता.

मल्लाची उमेदीची वर्षे थोडी, खुराकाचा खर्च मात्र मोठा. आखाडा सुटल्यावर पुढे काय, हा प्रश्न अनेक नामवंतांना अखेरपर्यंत छळतो. चौधरी यांना त्याचे उत्तर राज्य पोलीस दलात उपअधीक्षकपदाच्या नियुक्तीने मिळाले. वर्दी अंगावर आली, तरी कुस्ती सुटली नाही. २०२३ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धेत १२५ किलो गटात त्यांनी सुवर्णपदक जिंकले. गावच्या मातीतून निघालेल्या मल्लालाही स्थिर भविष्य मिळू शकते, हेच खान्देशातील नव्या पोरांसाठी या कारकिर्दीचे मोल आहे.