अजास्थी भस्म : हाडांची राख आणि उतारवयातील थकवा

(प्रतिनिधी)

साठी उलटली की जिना चढताना दम लागतो, पाय जड होतात आणि कोणीतरी भस्म घेण्याचा सल्ला देतो. बोकडाच्या हाडांपासून केलेले अजास्थी भस्म हे अशांपैकीच एक. शक्तिवर्धक मानल्या जाणाऱ्या या राखेत नेमके काय असते आणि थकव्याशी तिचा संबंध कितपत जोडता येतो, याचा हा आढावा.

घडण
स्वच्छ केलेली हाडे मातीच्या दोन परळांत ठेवून त्यांची तोंडे कपडमातीने लिंपतात आणि गोवऱ्यांच्या पुटात भाजतात. हाड प्रथम काळे, मग करडे आणि अखेरीस पांढरे होते. या आचेत कोलॅजेन हे प्रथिन जळून जाते आणि उरतो तो प्रामुख्याने कॅल्शियम व फॉस्फेटचा क्षार, हायड्रॉक्सीअपेटाइट. त्यात वजनाच्या सुमारे ४० टक्के कॅल्शियम आणि १८ टक्के फॉस्फरस असतो.

तर्क आणि हिशेब
समान द्रव्याने समान धातूची वाढ होते, हा आयुर्वेदाचा सिद्धांत. मात्र चरकसंहितेत अस्थिधातूच्या पोषणासाठी उल्लेख आहे तो तरुणास्थीचा, म्हणजे कूर्चेचा, राखेचा नव्हे. अजास्थी भस्मावरील संशोधनाचा भरही मुख्यतः हाडांच्या ठिसूळपणावर राहिला आहे.

आता हिशेब पाहू. २५० मिलिग्रॅम भस्मातून फार तर १०० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दररोज १,००० मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. म्हणजे ही मात्रा गरजेचा दहावा हिस्सा भागवते. तेवढेच कॅल्शियम सुमारे ३० ग्रॅम नाचणीच्या पिठातूनही मिळते.

थकवा मोजायचा कसा?
थकवा ही रुग्णाने सांगायची तक्रार आहे. औषध मिळाले या समाधानानेही ती काही काळ कमी होते. म्हणून निम्म्या रुग्णांना औषध व निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पुडी द्यावी लागते. कोणाला काय मिळाले हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक नसावे लागते. अमेरिकी संशोधक लिंडा फ्रीड यांनी २००१ मध्ये मांडलेल्या वार्धक्यातील दौर्बल्याच्या निकषांत थकव्याबरोबरच वजनातील घट, हाताच्या पकडीची शक्ती, चालण्याचा वेग व हालचालींचे प्रमाण यांचा समावेश आहे. यांतील पकड व वेग उपकरणाने मोजता येतात.

सयुक्तिक वाटणारा उपायही कसोटीवर उतरेलच असे नाही. थायरॉइडची किंचित कमतरता असलेल्या ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर युरोपात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. थायरॉइडची गोळी आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या थकव्यात लक्षणीय फरक आढळला नाही.

धोका शिशाचा
प्राण्याच्या शरीरातील शिसे प्रामुख्याने हाडांत साठते, आणि भाजल्यानंतर ते राखेत उरू शकते. हाडांच्या चुऱ्यातील शिशाबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९८२ मध्ये इशारा दिला होता. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. शिशाच्या विषबाधेची लक्षणे म्हणजे पांडुरोग, पोटदुखी आणि थकवा! ज्या तक्रारीसाठी भस्म घ्यावे, तीच त्यातून बळावण्याचा हा धोका आहे.

आधी निदान
रक्ताल्पता, ‘ब-१२’ व ‘ड’ जीवनसत्त्वांची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, हृदय व मूत्रपिंडाचे विकार, नैराश्य, अपुरी झोप आणि चालू असलेली औषधे ही उतारवयातील थकव्याची नेहमीची कारणे. यांतील बरीचशी साध्या तपासण्यांत उघड होतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना जादा फॉस्फेट अपायकारक ठरते. थायरॉइडची गोळी व कॅल्शियम यांत किमान चार तासांचे अंतर हवे. भस्म घ्यायचेच असेल, तर ते नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने, परवानाधारक उत्पादकाचे आणि जड धातूंची तपासणी झालेले घ्यावे. सुरू असलेल्या औषधांची माहिती वैद्यांना व डॉक्टरांना, दोघांनाही द्यावी. वजन घटत असेल, धाप लागत असेल वा छातीत दुखत असेल, तर मात्र पुडीची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांकडे जाणे इष्ट.