१६२७ की १६३०?

आमच्या लहानपणी शिवरायांच्या जन्माची दोन सालं ऐकायला मिळत. कुणी १६२७ म्हणे, कुणी १६३०. १९२७ साली जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली, ती अर्थातच १६२७ धरून.

१६२७ आलं कुठून? बखरींतून. त्यातली मल्हार रामराव चिटणीसांची प्रसिद्ध बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, म्हणजे जन्मानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेली. चिटणीस खोटं लिहीत होते असं नव्हे. पण पणजोबांच्या लग्नाची तिथी आपल्यातले किती जण छातीठोकपणे सांगतील?

पुढे भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यात एक शकावली मिळाली. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी ती प्रसिद्ध केली. वर्णन नाही, स्तुती नाही, नुसत्या कोरड्या नोंदी. तीत जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. पण एका कागदावर विसंबायचं कसं? मग स. म. दिवेकरांना तंजावरला कवींद्र परमानंदाचं 'शिवभारत' हे संस्कृत काव्य सापडलं. परमानंद महाराजांच्या काळातला. त्याचीही तिथी तीच! गंमत म्हणजे हे काव्य छापून आलं तेही १९२७ सालीच, त्रिशताब्दीच्या वर्षी.

आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यातल्या उंबरखिंडीची १६६१ची लढाईही याच शिवभारतात आहे. कारतलबखानाची खिंडीत झालेली कोंडी कवीने रंगवून सांगितली आहे. परमानंद पदरचा कवी, त्यामुळे पराक्रमाची वर्णनं थोडी हात राखून घ्यावीत. पण जन्मतिथी बदलून त्याला काय मिळणार होतं? एकाच ग्रंथातलं एक वाक्य पक्कं, दुसरं कच्चं, असं असू शकतं. हे मुलांना समजावणं मला सगळ्यात अवघड गेलं.

जोधपूरकडच्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहातली महाराजांची कुंडलीही याच तिथीशी जुळली. तरी सरकारदरबारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नक्की व्हायला २००१ साल उजाडलं.

हल्ली कळंबमधली मुलं शाळेचा प्रकल्प दाखवायला येतात. खाली लिहिलेलं असतं, "संदर्भ : इंटरनेट". मी विचारतो, "इंटरनेट म्हणजे कोण रे? ते तेव्हा होतं का तिथे? त्याला कुणी सांगितलं?" पोरं हसतात. परवा एकीने मात्र ती ओळ खोडून 'जेधे शकावली' लिहिलं आणि पुढे कंसात प्रामाणिकपणे जोडलं, 'मी स्वतः पाहिलेली नाही, आजोबांनी सांगितलं.'