मगनवाडीचे सोयाबीन आणि आतड्याचा कौल

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली सोयाबीन जेवणात आले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला होता. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीच्या जागेतून जे. सी. कुमारप्पा संघाचा कारभार पाहत. हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल आणि गूळ यांच्या जोडीला तिथे आहाराचे प्रयोगही चालले. गांधीजी गरिबाला परवडेल असे प्रथिन शोधत होते, म्हणून सोयाबीन कुठे मिळते, कसे पेरतात आणि कसे शिजवतात या प्रश्नांची ‘हरिजन’ या त्यांच्या साप्ताहिकातून चर्चा झाली. यातला तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा होता, कारण धान्यातले सत्त्व अंगी किती लागते हे लहान आतडे ठरवते.

स्वादुपिंडातून लहान आतड्यात उतरणारे ट्रिप्सिनोजेन निष्क्रिय असते. आतड्याच्या अस्तरातले एन्टेरोकायनेज त्याचा छोटासा तुकडा छाटते, तेव्हा त्याचे ट्रिप्सिन होते आणि प्रथिने फुटू लागतात. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक नेमका या ट्रिप्सिनलाच चिकटून त्याचे काम बंद पाडतो. तो घटक शास्त्रज्ञ कुनिट्झ यांनी स्फटिकरूपात वेगळा काढला तो १९४५ च्या सुमारास. मात्र शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढतात, हे संशोधक ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. भरपूर उकळल्याने त्या घटकाचा बहुतेक जोर मोडतो. तेव्हा प्रथिनाचे मोल दाण्याइतकेच चुलीवरही अवलंबून असते.

मगनवाडीत जेवणारी मोजकी माणसे, तुलनेला दुसरा गट नाही, मग याला प्रयोग कसे म्हणायचे, असा आक्षेप येईल. शास्त्राच्या कसोटीवर तो रास्त आहे. मगनवाडीने सोयाबीनबद्दल काही सिद्ध केले असा दावा करता येत नाही. पण अपयश झाकायचे नाही, ही शिस्त गांधीजींच्या आहारप्रयोगांच्या परंपरेत होती. १९२९ मध्ये गांधीजींनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला, आमांशाने तो सोडावा लागला आणि ते त्यांनी जाहीरपणे लिहिले. पोटाने दिलेला कौल मतापेक्षा मोठा मानला गेला. सोयाबीन आज वर्धा जिल्ह्याच्या प्रमुख खरीप पिकांपैकी एक आहे, तेव्हा मगनवाडी जिंकली असेही कोणी म्हणेल. पण इथला बहुतेक दाणा तेलगिरणीत जातो आणि ढेप पशुखाद्याला. पिकवणाऱ्याच्या घरात तो कसा शिजेल, कसा पचेल, हा १९३५ चा प्रश्न कृषी धोरणाने पुन्हा हाती घ्यायला हवा.