रिझर्वेशन की जनरल डबा?

मंडळी, आजचा विषय थोडा तांत्रिक आहे, पण भांडण झकास आहे.

मार्च १९९२. सॅन दिएगोला आयईटीएफची बैठक भरली आणि तिचा आवाज इंटरनेटवरून तीन खंडांतल्या २० ठिकाणी थेट ऐकवला गेला. अडचण एकच, इंटरनेट म्हणजे जनरल डबा. जागा असली तर पॅकेट चढणार, नाहीतर खाली पडणार. ईमेलचं पडलेलं पॅकेट परत पाठवता येतं. बोलण्यातलं पॅकेट उशिरा आलं काय नि न आलं काय, सारखंच.

मग रिझर्वेशन का नको? जून १९९४ मध्ये ब्रेडन, क्लार्क आणि शेंकर या तिघांनी आरएफसी १६३३ मध्ये हेच मांडलं. "बँडविड्थ पुढे मुबलक होईल", "प्रोग्रामच जुळवून घेतील" हे आक्षेपही त्यांनी तिथेच खोडले. जुळवून घेण्याला माणसाच्या कानाची मर्यादा आहे, हा त्यांचा मुद्दा.

त्यातून आरएसव्हीपी आलं. ऐकणाऱ्याने जागा मागायची, वाटेतल्या प्रत्येक राउटरने हो किंवा नाही म्हणायचं, आणि ती मागणी साधारण दर ३० सेकंदांनी ताजी करायची. आता विचार करा, लाखो लोक बोलतायत आणि मधला राउटर प्रत्येकाची नोंद ठेवतोय! सप्टेंबर १९९७ मध्ये आरएसव्हीपीचं प्रमाण निघालं (आरएफसी २२०५) आणि त्याच महिन्यात आरएफसी २२०८ ने बजावलं की मोठ्या लिंकवर अशी बारीक बारीक रिझर्वेशनं घेऊ नका. लग्नाच्या दिवशीच काडीमोड म्हणायचा! शिवाय मधल्या कंपनीने दुसऱ्याच्या गिऱ्हाइकासाठी जागा का अडवावी? माझ्या मते खरा घोळ इथेच होता.

जिंकली ती चौथी सीट. ॲपलचं एचएलएस (२००९), मग डॅश (२०१२). व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे, प्रत्येक तुकडा चार-पाच दर्जांत. नेट मंदावलं की प्लेअर हलका तुकडा उचलतो. राउटरला कसलाच पत्ता नाही. सिनेमाला हे चालतं, कारण पुढचे तुकडे आधीच भरून ठेवता येतात. समोरचा माणूस अजून बोललेलाच नाही ते वाक्य कुठून भरणार? म्हणजे त्या तिघांचं म्हणणं इथे खरंच ठरलं.

आणि रिझर्वेशन मेलं असंही नाही. व्होल्टीई कॉलसाठी मोबाइल कंपनी आपल्या नेटवर्कात ठरावीक वेग राखून ठेवते. तिला ते परवडतं, कारण राउटरही तिचेच आणि बिलही तिचंच. व्हॉट्सॲप कॉल मात्र अजून जनरल डब्यातच.