अल्पजनसत्ता

राज्याची सूत्रे मोजक्या व्यक्तींच्या किंवा घराण्यांच्या हाती असणारी आणि इतरांना त्यात वाटा नसणारी राज्यपद्धती. जन्म, जमीन, पैसा, लष्करातील हुद्दा, पक्षातील स्थान यांपैकी कशाच्याही जोरावर हे मोजके लोक सत्ता राखतात. ॲरिस्टॉटलने मात्र संख्येला दुय्यम मानले. श्रीमंतांनी स्वतःच्या हितासाठी चालवलेले राज्य ती अल्पजनसत्ता, मग एखाद्या नगरात श्रीमंतच बहुसंख्य का असेनात, असे त्याचे मत. अथेन्समध्ये इ. स. पू. ४११ मध्ये चारशे जणांनी आणि इ. स. पू. ४०४ मध्ये स्पार्टाच्या पाठबळावर तीस जणांनी सत्ता बळकावली. या तीस जणांनी फक्त ३००० नागरिकांचे हक्क शाबूत ठेवले, शेकडोंना ठार केले आणि वर्षाच्या आतच ते पदच्युत झाले.

प्राचीन भारतातील गणसंघांना लोकशाहीचे आद्य रूप म्हणण्याची आपल्याकडे फार हौस आहे. वैशालीच्या लिच्छवींचा कारभार सभेतील चर्चेने चाले, हे खरे. जातककथा तेथील ७७०७ राजांचा उल्लेख करते; हा आकडा शब्दशः घेण्याचे कारण नाही. सभेत बसणारे होते क्षत्रिय कुळांतले; दासांना, मजुरांना तेथे जागा नव्हती. या कुळांच्या अभिषेकाच्या पुष्करिणीवर जाळे पसरलेले असे आणि भोवती पहारा असे, अशी कथा आहे.

सर्वांत दीर्घकाळ टिकलेली अल्पजनसत्ता व्हेनिसची. १२९७ च्या ठरावाने तेथील महासभेची दारे नव्या घराण्यांना जवळजवळ बंद झाली. पुढे १५०६ पासून उमराव घराण्यांतील जन्मांची अधिकृत नोंद ठेवण्यात येऊ लागली आणि ‘सुवर्णपुस्तका’त नाव नसलेल्याला, तो कितीही मोठा व्यापारी असो, मताधिकार नसे. सोळाव्या शतकाच्या मध्यास दीड लाखाच्या आसपास वस्तीच्या या शहरात सभासद होते सुमारे २५००.

या उमरावांना प्रजेपेक्षा एकमेकांचीच धास्ती अधिक होती, आणि त्यांची सारी घटना त्या धास्तीतून घडली. राज्यप्रमुख डोज तहहयात असे. पण १२६८ पासून त्याची निवड अशी होई : चिठ्ठ्या टाकून ३० सभासद काढायचे, त्यांतून पुन्हा चिठ्ठ्यांनी ९. या ९ जणांनी ४० निवडायचे, त्यांतून चिठ्ठ्यांनी १२. त्यांनी २५ निवडायचे, त्यांतून ९. त्यांनी ४५, त्यांतून ११. आणि या ११ जणांनी निवडलेल्या ४१ जणांपैकी किमान २५ मते मिळवील तो डोज. मते विकत घ्यायची तर नेमकी कोणाची, हेच कळू नये अशी ही योजना. निवडून आलेल्या डोजला परराज्याचे पत्र एकट्याने उघडण्याची मुभा नसे. त्याच्या मृत्यूनंतर कारभाराची चौकशी होई आणि दोष आढळल्यास वारसांना दंड भरावा लागे. १३१० च्या फसलेल्या कटानंतर ‘दहांचे मंडळ’ स्थापन झाले. त्याचे सभासद वर्षभरासाठीच निवडले जात. याच मंडळाने १३५५ मध्ये सत्ता बळकावू पाहणाऱ्या मारिनो फालिएरो या डोजचा शिरच्छेद करविला.

सतराव्या शतकात क्रीटच्या युद्धाचा खर्च भागेना, तेव्हा सुमारे एक लाख ड्युकॅट घेऊन उमरावपदे विकावी लागली. जुन्या घराण्यांतले कंगाल उमराव तर पैशासाठी मते विकतच होते. १२ मे १७९७ रोजी नेपोलियनच्या धाकाने महासभेने स्वतःचे विसर्जन केले. त्या दिवशी नियमाप्रमाणे लागणारे ६०० सभासदसुद्धा हजर नव्हते.

लोकशाही संघटनाही अखेर मूठभरांच्याच ताब्यात जातात, असा सिद्धांत रॉबर्ट मिशेल्सने १९११ मध्ये मांडला. तोही जर्मनीतील समाजवादी पक्षाच्या अभ्यासावरून, हे विशेष. नेते बदलता येणे आणि न येणे यांतला फरक मात्र तो फारसा जमेस धरत नाही.

सोव्हिएट संघाच्या विघटनानंतर रशियात धनाढ्यांचा नवा वर्ग उभा राहिला. १९९५ मध्ये सरकारने तेल व धातू कंपन्यांचे भाग बँकांकडे गहाण ठेवून कर्ज काढले. ते फेडले नाही आणि लिलावात ते भाग बहुधा त्याच बँकांच्या वर्तुळात स्वस्तात गेले. १९९६ च्या निवडणुकीत या मंडळींनी पैसा आणि दूरचित्रवाणी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या पाठीशी उभी केली. त्या काळाला अल्पजनसत्ता म्हणणे रास्त ठरेल. २००३ मध्ये युकोस तेल कंपनीचे खोदोर्कोव्स्की यांना अटक झाली, कंपनी मोडीत निघाली. त्यानंतरच्या रशियन धनिकांनाही सर्रास ‘ऑलिगार्क’ (अल्पजनसत्ताधारी) म्हटले जाते. परंतु त्यांची संपत्ती क्रेमलिनच्या मर्जीवर टिकून असल्याने त्यांना राज्यकर्ते म्हणता येत नाही.