पाण्याआधी फडकं

लातूर-नांदेडात वॉशिंग सेंटरवर कामाला लागायला मार्कशीट कुणी मागत नाही. नवा पोरगा आधी पायदाणं झटकतो, मग व्हॅक्यूम धरतो. प्रेशर पंपाचा पाइप उस्ताद सहजी सोडत नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात पाइपला पाणी आणायचं कुठून? मांजरा धरण आटलं होतं, लातुरात टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणीगाडी आली: १० वाघिणी, ५ लाख लिटर. प्यायचीच मारामार, बोनेट धुणं म्हणजे चैनच!

धुण्याच्या पुढचं काम म्हणजे डिटेलिंग, गाडी बारकाईनं पुसून चमकवणं; त्यात पाण्यापेक्षा हात जास्त चालतो. तिथली पहिली ताकीद साधी: खाली पडलेलं मायक्रोफायबर फडकं गाडीला लावायचं नाही. चिकटलेला खडा रंगावर ओरखडे उठवतो आणि मग पॉलिशिंगचं काम वाढतं.