काचेच्या पट्टीवरचा पुरावा

कळंबा आणि कोल्हापूरभोवतीचा पट्टा उसाचा, आणि आधुनिक शेतीबरोबर इथे कीटकनाशकेही आली. विषबाधेच्या संशयाने मृत्यू झाला की ‘व्हिसेरा (मृताच्या अंतर्गत अवयवांचे नमुने) राखून ठेवला’ हे वाक्य बातमीत हमखास येते. तो व्हिसेरा न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो; कोल्हापुरात सोय नव्हती तेव्हा पुण्याला जात असे. अशा प्रयोगशाळांत विषाचा पहिला माग अनेक दशके टीएलसीने, म्हणजे पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने काढला गेला: पट्टीवरच्या थरातून द्रावक वर चढतो आणि मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर ठिपक्यांसारखे थांबतात. हे तंत्र परदेशात जन्मले खरे, पण महाराष्ट्राने ते नुसते उसने घेतले नाही; आपल्या गरजेसाठी घडवले.

१९३८ मध्ये खारकीव्हला इझ्माइलोव्ह आणि श्राइबर यांनी औषधी वनस्पतींचे अर्क काचेवरच्या अ‍ॅल्युमिनाच्या थरावर तपासले. १९५०च्या दशकात जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी सिलिका जेलचा थर प्रमाणित केला आणि टीएलसी जगभर पोहोचली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांचा गट तेव्हा वनस्पतींतील टर्पिनांवर काम करत होता. त्यांतली कित्येक संयुगे साध्या सिलिकावर जवळजवळ एकाच उंचीवर येत. त्यावर या गटाचा उपाय असा: थरात सिल्व्हर नायट्रेट मिसळले की दुहेरी बंध चांदीच्या आयनांशी सैलसर जोडले जातात आणि अशी संयुगे वेगळी होतात. पुण्यातले हे काम १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये याच कल्पनेवरचे शोधनिबंध जेमतेम वर्षभर आधीचे. म्हणजे पुणे त्या शोधाच्या पहिल्याच फळीत होते.

न्यायसहायक रसायनज्ञांची अडचण वेगळी होती. व्हिसेऱ्यात विषासोबत प्रथिने आणि अमिनो आम्लेही येतात, आणि ठिपके दिसावेत म्हणून पट्टीवर मारलेल्या नेहमीच्या फवाऱ्याने त्यांनाही रंग चढतो. म्हणून महाराष्ट्रातील या प्रयोगशाळांनी ठरावीक कीटकनाशकालाच रंग देणारी फवारणीची द्रावणे शोधली आणि परदेशी शोधपत्रिकांत प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या घरातल्या विषाने उभा केलेला प्रश्न इथल्याच टेबलावर सुटला.

यावर आक्षेप असा की टीएलसी ही केवळ चाळणी. दोन ठिपके एका उंचीवर आले म्हणून पदार्थ एकच ठरत नाही, आणि आता गॅस क्रोमॅटोग्राफीला जोडलेले मास स्पेक्ट्रोमीटर आहेत. यातला पहिला भाग पूर्ण खरा आहे. म्हणूनच निव्वळ उंचीवर निष्कर्ष काढू नये आणि शेवटची खात्री यंत्रानेच करावी. पण यंत्राच्या नळीत अडकून राहिलेला पदार्थ दिसत नाही. पट्टीवर मात्र न हललेला ठिपकाही आरंभरेषेवर दिसतो. शिवाय अनेक नमुने आणि माहितीचे विष एकाच पट्टीवर शेजारी-शेजारी चालवता येते, तेही अत्यल्प खर्चात. कोणते यंत्र कधी विकत घेतले, एवढाच आपल्या विज्ञानाचा इतिहास लिहिला तर हे कर्तृत्व नजरेआड होते. महाविद्यालयांनी टीएलसी शिकवताना खारकीव्ह आणि श्टाल यांच्याबरोबर पुण्याचा हा वाटाही विद्यार्थ्यांना सांगावा.